पूर येण्याआधी भरायची वही

मृग नक्षत्र तोंडावर आले की शेतकरी बियाण्याची तजवीज करतो, घरातली बाई पापड-कुरडयांचे डबे भरून सरपण आडोशाला रचते. आजारपणाची तजवीज मात्र कोणी करीत नाही. कृष्णाकाठाने २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन मोठे पूर पाहिले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले. तेथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. नावा, चादरी, अन्नाची पाकिटे यांची तेव्हा पुष्कळ चर्चा झाली. औषधपाण्याची फारशी झाली नाही.

त्या पुरात शाळेतल्या छावणीत रुग्ण तपासताना माझा अंदाज साफ चुकला. जुलाबाची औषधे पेटीभर नेली होती. पहिल्या दिवशी समोर उभे राहिले ते रक्तदाबाचे आणि मधुमेहाचे जुने रुग्ण. गोळ्या घरात, घर पाण्यात. एक आजी सांगत होत्या, ‘‘डॉक्टर, सकाळची पांढरी आणि रात्रीची अर्धी गुलाबी.’’ औषधाच्या दुकानात पांढऱ्या गोळ्या शेकड्याने असतात. दुसऱ्या एक बाई इन्सुलिनवर होत्या आणि दोन दिवस त्यांच्या पोटात इन्सुलिन गेले नव्हते. त्यांची साखर मोजली तेव्हा घाम मला फुटला.

म्हणून माझे पहिले सांगणे असे, की गावाने एक साधी शंभर पानी वही करावी. आशाताईंना गावातले घर न् घर ठाऊक असते; त्यांच्या मदतीने हे काम दोन-चार दिवसांचे आहे. इन्सुलिन कोण घेते, डायलिसिसला कोण जाते, क्षयाची औषधे कोणाला चालू आहेत, फिट्स कोणाला येतात, अंथरुणाला कोण खिळले आहे, हे त्यात लिहावे. नावापुढे औषधाचे नाव आणि मात्रा डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून उतरून घ्यावी. गरोदर बायांच्या नावापुढे बाळंतपणाची तारीख लिहावी. नववा महिना लागलेल्या सुनेला पाणी चढायच्या आधीच उंचावरच्या नातेवाइकांकडे किंवा दवाखान्याजवळ हलवावे. नावेत बाळंतपण करण्यात शौर्य नाही. आणि सर्वांत महत्त्वाचा रकाना शेवटचा : या माणसाला कोण नेणार आणि कोणाच्या वाहनातून. हा रकाना मोकळा राहिला तर वही नुसती यादी होते.

इन्सुलिनविषयी एक शंका नेहमी विचारली जाते. वीज गेली, फ्रीज बंद पडला तर बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ओल्या मातीच्या माठात ठेवावी. बर्फावर ठेवू नये; गोठलेले इन्सुलिन फुकट जाते.

आता विहिरीकडे वळू. पूर ओसरल्यावर गॅस्ट्रोची साथ येते ती बहुधा पाण्यातून. एका गावी साथ सुरू झाल्यावर मी ग्रामपंचायतीची टीसीएल पावडर पाहायला मागितली. पोते होते, पण गेल्या वर्षीचे, तोंड उघडे, ओल लागलेले. पावडरीचा दगड झाला होता आणि नाकाला झोंबणारा वास कुठेच नव्हता. शिपाई ती रोज इमानेइतबारे विहिरीत टाकत होता आणि लोक ते पाणी विश्वासाने पीत होते! ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो. ऊन, ओल आणि हवा लागली की तो उडून जातो. पोते आताच तपासा, नवे आणा, कोरड्या अंधाऱ्या खोलीत तोंड बांधून ठेवा.

मात्रेचा हिशेब सोपा आहे. चांगल्या पावडरीचे अडीच ग्रॅम हजार लिटर पाण्याला पुरतात. चार मीटर व्यासाच्या विहिरीत पाच मीटर पाणी असेल, तर ते सुमारे ६३ हजार लिटर भरते. म्हणजे १६० ग्रॅमच्या आसपास पावडर. हा हिशेब एरवीच्या स्वच्छ पाण्याचा. पुराचे पाणी शिरलेली विहीर आधी उपसावी आणि मात्रा आरोग्य केंद्राला विचारून वाढवावी, कारण गढूळ पाण्यात क्लोरीन गाळातच खर्ची पडतो. पावडर कोरडी फेकू नये. बादलीत कालवून दहा मिनिटे ठेवावी, चुना तळाशी बसला की वरची निवळी दुसऱ्या बादलीत घेऊन पाण्याखाली सोडून हलवावी. तासाभराने ओटीची चाचणी घ्यावी. पिवळा रंग आला तरच पाणी प्यावे.

जुलाब लागलेल्या माणसाचे नातेवाईक ‘‘सलाईन लावा’’ म्हणून आग्रह धरतात. १९७१ साली बांगलादेशाच्या निर्वासितांत कॉलरा पसरला, तेव्हा बनगावच्या छावणीत सलाईन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पिंपात भरून नातेवाइकांच्या हातून रुग्णांना पाजले. एरवी अशा छावण्यांत शंभरात तीसेक रुग्ण दगावत. तेथे ते प्रमाण चारच्याही खाली आले. ओआरएसचे पाकीट एक लिटर पाण्यात विरघळवायचे, पेल्यात अर्धे-अर्धे करून नव्हे. पाकीट नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. लहान मुलांना सोबत जस्ताच्या गोळ्या चौदा दिवस द्याव्यात. मूल सुस्त पडले, डोळे खोल गेले, पाणीही पोटात ठरेना, तर मात्र घरी थांबू नये. १०८ ला फोन करावा.

चिखलात उतरून घरे साफ करणाऱ्यांना लेप्टोचा धोका असतो. मुंबईत २६ जुलै २००५ च्या पावसानंतर त्याची साथ आलीच होती. गमबूट घालावेत, पायाची जखम झाकावी, ताप आणि पोटऱ्यांत दुखणे सुरू झाले की त्याच दिवशी दवाखाना गाठावा. प्रतिबंधक गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. गरोदर बायांना आणि लहान मुलांना ती चालत नाही. अडगळीत हात घालण्याआधी काठीने चाचपावे, पुरात सापही निवारा शोधत असतात. सर्पदंशाची लस कोणत्या आरोग्य केंद्रात शिल्लक आहे आणि रस्ता बुडाल्यावर तेथे कसे पोहोचायचे, हेही वहीत लिहून ठेवावे.

धूर फवारण्याच्या यंत्राची मागणी दर पुरानंतर होते. त्याचा फोटो छान येतो. टीसीएलच्या पोत्याचा येत नाही.

गावाच्या आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला थोडा का होईना, मोकळा निधी मिळतो. वही, ओआरएसची पाकिटे, ओटीची बाटली त्यात बसतात. वहीच्या दोन प्रती कराव्यात : एक आशाताईंकडे, दुसरी गावातल्या सर्वांत उंच घरात, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून.