चाक अधांतरी नको

1985 मध्ये आलेल्या मारुती जिप्सीत पुढे-मागे सलग ॲक्सल आणि चारही चाकांना पाटे होते. सलग ॲक्सलची गंमत अशी, की एक चाक दगडावर चढलं की दुसरं आपसूक खाली दाबलं जातं. पाटे कडक असतील तर मात्र हा खेळ लवकर आटोपतो. चाक हवेत जातं आणि साधं डिफरन्शियल इंजिनाचा जोर त्या रिकाम्या चाकालाच गरगरवण्यात घालवतं.

म्हणून हौशी मंडळी मऊ पाटे, लांब शॅकल आणि जास्त पल्ल्याचे शॉकॲब्सॉर्बर बसवतात. काही जण पाटे ॲक्सलखालून काढून वर चढवतात. पण त्यात गाडीची उंची वाढते, प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडतो. नुसती उंची म्हणजे लवचीकपणा नव्हे, हे दुकानदार सहसा सांगत नाहीत. ब्रेकचा रबरी पाइपही लांब हवा, नाहीतर चाक पूर्ण लोंबकळताच तो ताणून तुटायचा.

या लवचीकपणाची मोजणी कशी? 20 अंशांच्या रॅम्पवर एक पुढचं चाक चढवायचं, दुसरं कुठलंही चाक जमीन सोडेपर्यंत. चढलेल्या अंतराला व्हीलबेसने भागून 1000 ने गुणलं, की गुण मिळाले.