आधी टेप, मग सोफा!

घर सजवायचं म्हटलं की आपण आधी पडद्यांचा रंग ठरवतो. पण बॉस, घर नुसतं दिसायला नको, चालायलाही हवं! 10 बाय 10 ची बेडरूम घ्या. त्यात 6 फुटी बेड आणि 2 फूट खोल वॉर्डरोब. उरले किती? फक्त 2 फूट. वॉर्डरोबचं दार उघडलं की तुम्ही थेट बेडवर! शोरूममध्ये तोच बेड आटोपशीर वाटतो, कारण तिथे चारी बाजूंनी भिंती नसतात.

यंदा हे गणित मी फारच सीरियसली मांडलं. आई गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर दोन महिने आमच्याकडे राहणार होती. वॉकरला निदान अडीच फुटांची वाट हवी आणि नवऱ्याला हवा किंगसाइज बेड. मी फरशीवर मास्किंग टेपने बेड आखला आणि त्याला म्हटलं, ‘आता वॉकर घेऊन वळून दाखव!’ पाच मिनिटांत 5 फुटी बेडवर एकमत. वॉर्डरोबला सरकती दारं.

उंचीचा फंडा

लो सीटिंग फोटोत झक्कास दिसतं, पण गुडघे धरलेल्या माणसाला त्यातून उठणं म्हणजे शिक्षाच. आईसाठी 18 इंच उंच, टणक बैठकीची, हात असलेली खुर्ची घेतली. बेडरूम ते बाथरूम वाटेतल्या सतरंज्या, पायपुसणी आणि वायरी उचलल्या, एक नाइट लॅम्प लावला.

किचनमध्ये नियम एकच. रोजची भांडी-डबे कंबर ते खांदा या उंचीत. चकलीचा सोऱ्या, पुरणयंत्र, आकाशकंदील माळ्यावर. कुकर काढायला रोज कुणी का वाकावं? नवा ओटा करत असाल, तर तो रोज स्वयंपाक करणाऱ्याच्या कोपरापेक्षा 4 ते 6 इंच खाली ठेवा. मिस्त्री ‘सगळीकडे असाच असतो’ म्हणेल, ऐकू नका!

गंमत म्हणजे, आईसाठी केलेले हे बदल सगळ्यात जास्त आम्हीच वापरतो. ऑफिसातून दमून आल्यावर त्या खुर्चीसाठी आमची रोज शर्यत असते.

जाता जाता : ऑर्डर देण्याआधी लिफ्ट, मुख्य दार आणि जिन्याचं वळणही मोजा. सोफा घरात मावेलही हो, पण आधी घरापर्यंत पोहोचायला नको?