अश्रू कुणाचे, कथा कुणाची?

कवीला एक खोड असते. कुणी रडताना दिसलं की तो मनाशी विचारतो, हे दुःख नेमकं कुणाचं? टीव्हीसमोर बसलो की मला हाच प्रश्न पडतो. मालिकेतलं रडणं लिहिलेलं असतं, हे लहान पोरही सांगेल. रिअ‍ॅलिटी शोमधलं रडणं मात्र आपण खरं मानतो. आज या दोन्ही रडण्यांविषयी थोडं बोलू.

आमच्या पिढीनं दूरदर्शनवर ‘हम लोग’ पाहिली. १९८४ साली सुरू झालेल्या या मालिकेचे दीडशेवर भाग झाले. लेखक होते मनोहर श्याम जोशी. बापाची दारू, नोकरीसाठी वणवण, मुलींच्या लग्नाची काळजी, असं सगळं त्यात होतं. माणसं कल्पनेतली, पण दुःख आपल्याच घरातलं वाटायचं. ही गोष्ट मी रचली आहे, असं लेखक स्वतःचं नाव लावून सांगत होता. त्यात फसवाफसवी नव्हती.

पुढं खासगी वाहिन्या आल्या आणि मालिका रोजच्या झाल्या. मराठीत ‘चार दिवस सासूचे’ २००१ ते २०१३ चालली, तीन हजारांवर भाग झाले. रोज नवा भाग द्यायचा म्हटल्यावर लेखकाला विचाराला सवड कुठून मिळणार? टीआरपी घसरला की कथेला वळण, चढला की त्याच वळणावर मुक्काम. अशा वेळी प्रेक्षकांना अनोळखी, ताजे चेहरे आवडले, यात नवल नाही.

त्या चेहऱ्यांनी आपल्याला आनंदही दिला, हे मान्य केलं पाहिजे. २००८-०९ मध्ये झी मराठीवर ‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’ झालं. आळंदीची कार्तिकी गायकवाड जिंकली. अंतिम फेरीतल्या पाच मुलांत आपल्या लातूरचा रोहित राऊत होता. भारनियमनाच्या त्या दिवसांत आम्ही नांदेडकर, वीज जाऊ नये म्हणून देवाला साकडं घालून बसायचो. त्या पोरांनी जुनी मराठी गाणी नव्या पिढीच्या ओठांवर आणली. हाच रोहित पुढं २०२० मध्ये ‘इंडियन आयडॉल’चा उपविजेता ठरला. मराठवाड्यातल्या पोराला मुंबईत कुणी ओळखीचं नसताना दार उघडलं, ही लहान गोष्ट नव्हे.

पण ‘रिअ‍ॅलिटी’ म्हणजे जसं घडलं तसंच दिसलं, असं समजू नये. ‘बिग बॉस’च्या घरात कॅमेरे रात्रंदिवस चालू असतात, रोजच्या भागात आपल्याला दिसतो तास-दीड तास. कुठलं वाक्य ठेवायचं, त्यावर कुणाचा चेहरा दाखवायचा, मागं कुठलं वाद्य रडवायचं, हे सारं संकलनाच्या टेबलावर ठरतं. लिहिणं इथंही आहेच, फक्त लेखणीच्या जागी कात्री आली. अमेरिकेत २००७-०८ मध्ये पटकथालेखक संपावर गेले, तेव्हा वाहिन्यांनी रिकाम्या वेळेत असे कार्यक्रम भरले. कथा लिहून घ्यायची गरज नाही, माणसं आपापलं आयुष्य घेऊन येतात.

माझी धाकटी बहीण लातूरला असते. तिचा मुलगा गोड गळ्याचा. काही वर्षांपूर्वी एका गाण्याच्या स्पर्धेसाठी त्याची निवड झाली. तिथून त्याचा फोन आला, “मामू, हे लोक अब्बांबद्दल विचारतायत. सांगू का?” माझे मेहुणे जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मी म्हणालो, “खरं आहे ते सांग बेटा, खऱ्याला कसली भीती?”

त्यानं सांगितलं. मग कॅमेरा घरी आला. बहिणीला शिलाई मशीनवर बसवलं. शिवणकाम सोडून तिला कितीतरी वर्षं झाली होती. प्रसारणाच्या रात्री सगळी गल्ली टीव्हीपुढं. तिचे अश्रू चार मिनिटं दिसले, पोराचं गाणं जेमतेम एक कडवं. पुढच्या फेरीत तो नव्हता. दुसऱ्या दिवशी शेजारीण तांदळाची पिशवी घेऊन दारात उभी राहिली. बहीण मला एवढंच म्हणाली, “भाईजान, गाण्याबद्दल कुणी विचारलंच नाही.”

माझा सल्ला चुकला होता. अश्रू तिचे होते, कथा मात्र दुसऱ्यानंच रचली आणि तिच्याखाली स्वतःचं नावही लिहिलं नाही. मालिकेतली नटी रडून झाल्यावर डोळे पुसते, मेकअप उतरवते आणि घरी जाते. माझ्या बहिणीला ते चार मिनिटांचं रडणं घेऊन त्याच गल्लीत राहावं लागलं.

म्हणून मालिका चांगली की रिअ‍ॅलिटी शो, या वादात मी पडत नाही. दोन्हीकडं चांगलं आहे, दोन्हीकडं सुमार आहे. मी एवढंच पाहतो, की समोरच्या माणसाची कला ऐकवली जातेय की त्याची गरिबी विकली जातेय. मुशायऱ्यात शायराच्या घरी चूल पेटली का, हे कुणी विचारत नाही. शेर चांगला असेल तर दाद मिळते, नसेल तर लोक पान खायला उठतात. एवढा आदर आपण टीव्हीवरच्या पोरांनाही देऊ शकतो. पुढच्या वेळी कुणाला मत देण्याआधी स्वतःला विचारा, त्यानं गायलं काय? ते आठवत नसेल, तर फोन खाली ठेवा.