सूर्यास्त कोणत्या गावचा?

सामायिकाला बसताना आसनासमोर वाळूची घडी उलटी करून ठेवण्याची रीत अनेक घरांत आजही टिकून आहे. वरची वाळू खाली उतरण्यास 48 मिनिटे लागतात. म्हणजेच एक मुहूर्त, दोन घटका. पूर्वी हे काम घटिकापात्र करीत असे. बुडाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडली की 24 मिनिटांत ती भरून बुडे व एक घटका मोजली जाई. ‘घटका भरली’ हा आपला वाक्प्रचार त्या वाटीचीच आठवण आहे. मोबाइलचा गजर ‘आणखी पाच मिनिटे’ म्हणत पुढे ढकलता येतो. वाळूला तशी विनंती करता येत नाही.

चंद्रपूर-गडचिरोलीकडील व्यापाऱ्याची खरी कसोटी मात्र सायंकाळी लागते. गिऱ्हाईक दिवसाची कामे आटोपून दुकानात येते ती वेळ आणि चौविहाराची वेळ नेमकी एकच. घरी ताट वाढलेले असते आणि गल्ल्यावरून उठवत नाही. त्यात एक चूक नकळत घडते, ती भिंतीवरच्या कोष्टकाची. नवकारशी, पोरसी आणि सूर्यास्ताच्या वेळा देणारी छापील कोष्टके पुष्कळदा मुंबईच्या वेळेवर आधारलेली असतात. पृथ्वीला एक रेखांश फिरण्यास चार मिनिटे लागतात. चंद्रपूर मुंबईच्या पूर्वेस सुमारे साडेसहा अंशांवर आहे; त्यामुळे येथे सूर्य सुमारे 26 मिनिटे आधी उगवतो आणि तितकाच आधी मावळतो. गडचिरोलीत आणखी दोन-तीन मिनिटांची भर पडते. ऋतूनुसार हा फरक थोडा कमी-जास्त होतो.

सकाळी या चुकीने काही बिघडत नाही. मुंबईच्या कोष्टकाप्रमाणे नवकारशी पाळणारा फार तर अर्धा तास अधिक थांबतो. सायंकाळी मात्र तेच कोष्टक व्रत मोडते. डिसेंबरच्या आरंभी चंद्रपुरात साडेपाच वाजून गेल्यावर लवकरच सूर्य मावळतो, मुंबईत तेव्हा सूर्यास्ताला सहा वाजतात. कोष्टकावर विसंबून पावणेसहाला पानावर बसलेला श्रावक निश्चिंत मनाने रात्रिभोजन करीत असतो. दिवसाच्या शेवटच्या दोन घटकाही भोजनास वर्ज्य मानणाऱ्या घरांत तर हा फरक अधिकच मोठा ठरतो.

उपाय खर्चाचा नाही. आपल्या गावाचा सूर्योदय-सूर्यास्त पाहून कॅलेंडरवर दर आठवड्याच्या रविवारी पेन्सिलीने दोन आकडे लिहून ठेवावेत. सूर्यास्ताचा आकडा दुकानातील पाटीवरही खडूने लिहावा, म्हणजे नोकरमाणसांनाही ‘शेठजी केव्हा उठणार’ हे विचारावे लागत नाही. गिऱ्हाईकही त्या वेळेला हळूहळू सरावते. जून आणि डिसेंबर यांच्या सूर्यास्तांत येथे सव्वा तासाहून अधिक अंतर असल्याने वर्षभर एकच वेळ ठरवून भागत नाही.

आठवडी बाजारांना माल घेऊन जाणाऱ्यांची गोष्ट निराळी. मूल-सावलीच्या वाटेने किंवा आलापल्लीकडच्या जंगलातून परतताना सूर्य रस्त्यातच मावळतो. अशा वेळी घरी पोहोचून जेवू, हा हिशेब हमखास चुकतो. दुकान आवरण्याआधी, पाल उतरवण्यापूर्वीच डबा उघडणे शहाणपणाचे. मालाच्या यादीत शेवटच्या ओळीच्या आधी ‘डबा’ असे लिहून ठेवले, तर बांधाबांधीच्या गडबडीत तो विसरला जात नाही.

उरला प्रश्न रोजमेळाचा. रात्री उशिरापर्यंत हिशेब लांबतो, कारण दिवसभराच्या चिठ्ठ्या खिशांत, गल्ल्यात आणि तराजूखाली विखुरलेल्या असतात. गल्ल्याशेजारच्या खिळ्याला एक तार अडकवून प्रत्येक चिठ्ठी तिच्यात ओवली, तर जमा-नावे घालण्यास दोन घटका पुष्कळ होतात. त्यासाठी सामायिकाची घडी मात्र दुकानात आणू नये. उपकरण त्याच्या जागी शोभते. हिशेबाला स्वयंपाकघरातील चावीचे घड्याळ पुरे. ते वाजले की वही मिटावी आणि न जुळलेली रक्कम दुसऱ्या दिवशीच्या पानाच्या वरच्या कोपऱ्यात मांडावी. सकाळच्या ताज्या डोक्याला ती बहुधा पहिल्या चहाआधीच सापडते, अर्थात नवकारशीनंतरच्या.