सप्तशृंगी गडावरची ट्रॉली रोपवे आहे का?

नांदेड-लातूरकडून साडेतीन शक्तिपीठांच्या दर्शनाला निघालं, की घरात एक प्रश्न हमखास येतो: आजीच्या गुडघ्यांचं काय? माहूर तर नांदेड जिल्ह्यातच, तुळजापूरही जवळ. पण नाशिक जिल्ह्यात वणीजवळच्या सप्तशृंगी गडावर सुमारे 500 पायऱ्या. तिथे 2018 पासून फ्युनिक्युलर ट्रॉली धावते आणि ही चढण काही मिनिटांवर आली.

बरेच जण तिला रोपवे म्हणतात. पण रोपवेचा पाळणा हवेत लटकतो, ही ट्रॉली रुळांवरून चालते. फ्युनिक्युलरमध्ये दोन डबे एकाच दोराच्या दोन टोकांना जोडलेले असतात. एक उतरतो तेव्हा दुसरा चढतो, रहाटाला दोन घागरी बांधल्यासारखं. डबे एकमेकांचं वजन तोलतात, त्यामुळे मोटरवर भार येतो तो मुख्यतः दोन्हीकडच्या प्रवाशांच्या वजनातल्या फरकाचा.

इंग्लंडच्या समुद्रकिनारी सॉल्टबर्नला 1884 मध्ये कड्यावर अशी लिफ्ट सुरू झाली, तिला ओढायला मोटरही नाही. वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरायचं. तो जड होऊन खाली येतो आणि दुसऱ्याला वर खेचतो. खाली पोचला की पाणी सोडून द्यायचं. आजही ती अशीच चालते.

आणि हो, सप्तशृंगीची ट्रॉली ‘भारतातली पहिली’ असल्याचं फॉरवर्ड आलं तर जरा थांबा. तमिळनाडूत पळणीच्या मुरुगन मंदिराच्या डोंगरावर भाविकांना दोराने ओढून नेणारी रुळांवरची गाडी 1966 पासून आहे.