शंभराचे अठ्ठ्याण्णव कसे होतात?

शाळा उघडण्याच्या आधीच्या आठवड्यात आम्ही आमच्या भाच्याला घेऊन इंदूरच्या खजुरी बाजारात पुस्तके घ्यावयास गेलो होतो. इयत्ता नववीची पाठ्यपुस्तके, दोन कोश आणि वह्या मिळून हिशेब बरोबर ३,००० रुपये झाला. आम्ही खिशातून क्रेडिट कार्ड काढले, तोच दुकानदार नम्रपणे म्हणाले, "कार्ड से देंगे, सर, तो दो परसेंट ऊपर लगेगा." आम्ही मुकाट्याने रोख पैसे मोजून दिले. बाहेर आल्यावर भाच्याने विचारले, "मामा, ते दोन टक्के कोणाला मिळतात? दुकानदाराला की बँकेला?" आम्ही त्याला काहीतरी उत्तर दिले, पण ते उत्तर आमचे आम्हांसच पटले नाही. पुढे बँकेत काम करणाऱ्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याकडून हे सारे प्रकरण समजावून घेतले. पालकसभेतही याच स्वरूपाचे प्रश्न निघाले. म्हणून जे कळले ते येथे मांडीत आहोत.

प्रथम हे सांगावयास हवे की ही कल्पना आपल्या लोकांस अगदीच परकी नाही. पेशवाईत उत्तरेकडची रक्कम पुण्यास पोहोचवावयाची तर ती नेहमीच थैल्यांत भरून उंटावरून आणीत नसत. सावकार हुंडी लिहून देई आणि दूरच्या पेढीवर ती वटे. या सोयीबद्दल सावकार जी रक्कम कापून घेई तिला हुंडणावळ म्हणत. चोराचिलटाचे भय टळले, वेळ वाचला, त्याची ती किंमत. आज दुकानदाराच्या रकमेतून बँक जे कापून घेते ते याच जातीचे आहे. बँकेच्या भाषेत त्यास 'मर्चंट डिस्काउंट रेट', म्हणजे एमडीआर, म्हणतात. आपण त्यास 'व्यापारी वटाव' म्हणू. वटाव हा शब्द आपल्या पेठांत जुनाच आहे.

आता हा वटाव कोणकोण वाटून घेतात ते पाहू. गिऱ्हाईक आणि दुकानदार हे दोघे आपल्या डोळ्यांसमोर असतात. तिघे पडद्याआड असतात. पहिली, ज्या बँकेने आपणांस कार्ड दिले ती. दुसरी, ज्या बँकेने दुकानदारास ते लहानसे यंत्र दिले ती. तिसरी, या दोन बँकांमध्ये निरोप नेणारी आणि हिशेब जुळविणारी संस्था: व्हिसा, मास्टरकार्ड किंवा आपली रुपे. दुकानदाराने यंत्रात कार्ड घातले की त्याच्या बँकेकडून त्या संस्थेमार्फत आपल्या बँकेस प्रश्न जातो, "या माणसास ३,००० रुपयांची पत आहे काय?" आपल्या बँकेचे "आहे" असे उत्तर त्याच वाटेने परत येते. याला काही क्षण पुरतात. मौज अशी की तोवर एक पैसाही जागचा हललेला नसतो. हलते ते केवळ वचन. रात्री सर्व व्यवहारांची बेरीज-वजाबाकी होते, बँका एकमेकींचे देणेघेणे भागवितात आणि दुकानदाराच्या खात्यावर बहुधा पुढच्या कामाच्या दिवशी रक्कम जमा होते. ती मात्र वटाव कापून.

आमचेच उदाहरण घेऊ. आम्ही कार्डाने ३,००० रुपये दिले असते आणि वटाव शेकडा दोन असता, तर ६० रुपये कापले गेले असते. या ६० रुपयांवर १८ टक्के वस्तु-सेवा कर, म्हणजे १० रुपये ८० पैसे, आणखी गेले असते. (२,००० रुपयांपर्यंतच्या कार्डव्यवहारावर बँकेच्या या सेवेस कराची माफी आहे, आमचा हिशेब त्याहून मोठा होता.) दुकानदाराच्या हाती आले असते २,९२९ रुपये २० पैसे. इतर धंद्यांतील नोंदणीकृत व्यापाऱ्यास असा भरलेला कर पुढच्या करातून वळता करून घेता येतो. पण छापील पुस्तकांच्या विक्रीवर करच नसल्यामुळे पुस्तकविक्रेत्यास तीही सोय नाही. पाठ्यपुस्तकांवरील नफा मुळातच बेताचा. त्यातून हे गेले म्हणजे त्याचे तोंड का उतरते ते ध्यानी येते.

त्या ६० रुपयांतील मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेस मिळतो. यंत्र देणारी बँक आणि मधली संस्था यांचे वाटे त्या मानाने लहान. कारण उघड आहे. आपण पैसे महिना-दीड महिन्याने भरणार. तोवर दुकानदारास आपल्या पदरचे पैसे देणारी ती, आणि आपण बुडविले तर बुडणारीही तीच. शिवाय ती आपणांस 'पॉइंट' म्हणून जी बक्षिसे देते, त्यांचाही खर्च बहुतांशी यातूनच निघतो. बक्षीस बँकेच्या नावाने येते, पैसा दुकानदाराच्या गल्ल्यातून जातो! ही रीत नवी नव्हे. १९५० साली न्यूयॉर्कमध्ये 'डायनर्स क्लब' निघाला, तेव्हा तो उपाहारगृहांकडून शेकडा सात घेत असे.

मग दुकानदाराने ते दोन टक्के आमच्याकडे मागितले यात त्याची चूक काय? डेबिट कार्डावर असा अधिक आकार घेणे समर्थनीय नाही, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ साली कळविले आहे. क्रेडिट कार्डाबाबतही दुकानदाराने बँकेशी केलेल्या करारात बहुधा मनाईचे कलम असते. तेव्हा नियमाकडे पाहता आमचा आग्रह योग्य ठरला असता. परंतु दुसरी बाजूही पाहावी. वटाव वेगळा मागता येत नाही म्हणून दुकानदार सर्वच मालाची किंमत थोडी चढवून ठेवतो. मग ज्या मोलकरणीपाशी कार्ड नाही, जी रोख पैसे मोजून मुलाची वही घेते, तिच्या पैशांतूनही आमच्या कार्डाच्या बक्षिसाचा काही अंश निघतो. आमच्या मते हा दोष दोन टक्के उघडपणे मागण्यापेक्षा मोठा आहे, कारण तो कोणास दिसत नाही. ऑस्ट्रेलियाने २००३ साली व्यापाऱ्यांस असा आकार वेगळा घेण्याची मोकळीक दिली. युरोपीय संघाने २०१५ साली दुसरी वाट धरली. तेथे व्यापाऱ्याच्या बँकेकडून कार्ड देणाऱ्या बँकेस मिळणारा वाटा डेबिट कार्डावर शेकडा ०.२ आणि क्रेडिट कार्डावर शेकडा ०.३ यांहून अधिक असू नये असे ठरले.

आपल्याकडे रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआय यांवरील वटाव शासनाने १ जानेवारी २०२० पासून काढून टाकला. भाजीवालीच्या टोपलीवर तो काळापांढरा चौकोन दिसू लागला, त्यामागे हेही एक कारण आहे. फुकट मात्र काहीच चालत नसते; बँकांच्या खर्चापोटी शासनाने काही वर्षे अनुदानरूपाने रक्कम दिली, म्हणजे ती आपल्याच करांतून गेली.

पालकसभेत अधिक तळमळीने विचारला गेलेला प्रश्न निराळा होता: खात्यातून पैसे गेले, पण दुकानदार म्हणतो मिळाले नाहीत, आता काय करावे? हा अनुभव आमच्या घरीही येऊन गेला आहे. औषधाच्या दुकानात यंत्र मध्येच अडले, भ्रमणध्वनीवर पैसे कापल्याचा संदेश आला, दुकानाची पावती मात्र निघाली नाही. घरी रुग्ण तळमळत होता, म्हणून आमच्या वहिनींनी पुन्हा पैसे देऊन औषध आणले. आपण फसलो अशीच त्यांची दोन दिवस समजूत होती. वास्तविक निरोपांच्या साखळीत परतीचा एक निरोप हरवला होता. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये काढलेल्या आदेशानुसार असे पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत आपोआप परत यावयास हवेत. न आल्यास पुढील प्रत्येक दिवसास १०० रुपये भरपाई बँकेने द्यावयाची असते. वहिनींचे पैसे चौथ्या दिवशी आले. अशा वेळी दुकानदाराशी भांडण्यापेक्षा त्या संदेशातील क्रमांक जपून ठेवून आपल्या बँकेस कळवावे हे बरे.

मासिक विवरणपत्रावर अनोळखी नाव दिसले तरी लगेच घाबरू नये. पुष्कळदा पाटीवर एक नाव असते आणि बँकेत नोंदलेली पेढी दुसऱ्याच नावाची असते. तारीख आणि रक्कम ताडून पाहिली की उलगडा होतो. तरीही उलगडा न झाल्यास बँकेकडे तक्रार नोंदवावी. मग बँक दुकानदाराच्या बँकेमार्फत पुरावा मागते, आणि तो पावती दाखवू शकला नाही तर रक्कम त्याच्याकडून परत घेतली जाते.

आता उरला तो प्रश्न सभेत कोणीच विचारला नाही. सभा संपल्यावर एका पालकांनी आम्हांस बाजूला घेऊन विचारला. विवरणपत्रावर 'एकूण देणे' आणि 'किमान देणे' असे दोन आकडे असतात. ते प्रामाणिकपणे दरमहा किमान देणे भरीत होते. मग कर्ज का फिटत नाही?

समजा, विवरणपत्र दरमहा ५ तारखेस निघते आणि पैसे भरण्याची मुदत २५ तारखेची आहे. ६ जूनला घेतलेली वस्तू ५ जुलैच्या विवरणात येते आणि तिचे पैसे २५ जुलैपर्यंत भरावयाचे. म्हणजे ४९ दिवस बिनव्याजी मिळाले. ४ जूनला घेतली असती तर २१ दिवसच मिळाले असते. पण ही सवलत पूर्ण रक्कम भरणाऱ्यासच आहे. थोडी जरी बाकी राहिली तरी खरेदीच्या दिवसापासून व्याज लागू होते, आणि नव्या खरेदीचीही बिनव्याजी मुदत जाते. कार्डावर रोख रक्कम काढली तर सवलत पहिल्या दिवसापासूनच नसते.

आम्ही हे गणित दहावीच्या वर्गात फळ्यावर मांडले. देणे २०,००० रुपये, व्याज दरमहा साडेतीन टक्के, किमान देणे शेकडा पाच, नवी खरेदी नाही. पहिल्या महिन्यात भरले १,००० रुपये. व्याज झाले ७००, त्यावर कर १२६. मुद्दल उतरले १७४ रुपयांनी! मुलांनी बारा महिन्यांचे कोष्टक पुरे केले तेव्हा सुमारे साडेअकरा हजार रुपये भरून झाले होते आणि सुमारे अठरा हजार शिल्लक होते. वर्गात प्रथम हशा पिकला. मग एका मुलीने "पुन्हा करून पाहू" म्हटले, आणि उत्तर तेच आल्यावर सारे गप्प झाले.

त्या पालकांस आम्ही ते कोष्टक नेऊन दाखविले. त्यांनी त्यावर बराच वेळ बोट फिरविले. पुढच्या आठवड्यात त्यांनी पतपेढीतून कमी व्याजाने कर्ज काढून कार्डाची बाकी एकरकमी फेडली. कार्ड मात्र त्यांनी बंद केले नाही. आता ते मुलीच्या हाती विवरणपत्र देतात आणि ती दर महिन्याच्या ५ तारखेस त्यातील प्रत्येक ओळ पावत्यांशी ताडून पाहते.