डोक्याला मार लागलाय? मग त्या दिवशी पुन्हा मैदानात नको

शहापूर/मुरबाड : भातकापणी, झोडणी उरकली की आपल्या दोन्ही तालुक्यांत कबड्डीचे सामने सुरू होतात. मागे एका सामन्यात पकड करताना दोन पोरांची डोकी एकमेकांवर आपटली. एकजण खाली बसला. तोंडावर पाणी मारलं, टाळ्या झाल्या, गडी पुन्हा चढाईला गेला. सामना संपल्यावर तोच विचारतोय, "आपण जिंकलो का?" आम्ही हसलो. हसायला नको होतं.

याला डॉक्टर 'कन्कशन' म्हणतात. कवटी फुटत नाही, रक्तही येत नाही, पण आतला मेंदू हादरतो. शुद्ध हरपलीच पाहिजे असं नाही. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ, डोळ्यांसमोर अंधारी, तेच तेच विचारणं, उजेड सहन न होणं ही त्याची लक्षणं. काही वेळा ती काही तासांनी दिसतात. मेंदू सावरण्याआधी दुसरा मार बसला तर जिवावर बेतू शकतं, तरुण पोरांना तर जास्तच.

पुढचा प्रश्न म्हातारपणाचा. स्कॉटलंडमधल्या 7,676 माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंचा अभ्यास 2019 मध्ये ग्लासगोच्या संशोधकांनी मांडला. स्मृतिभ्रंशासारख्या मेंदूच्या आजारांनी मृत्यू येण्याचं प्रमाण त्यांच्यात इतरांच्या साडेतीनपट निघालं. चेंडू वारंवार डोक्याने मारणं हे त्याचं एक संभाव्य कारण मानलं जातं. 2020 पासून इंग्लंडमध्ये लहान मुलांच्या सरावात हेडिंग बंद केलं. क्रिकेटमध्येही 2019 पासून कन्कशन झालेल्याच्या जागी बदली खेळाडू घेता येतो. आपल्याकडे दहीहंडीत 14 वर्षांखालच्या मुलांना थरावर चढवायला बंदी आहे, तीही अशाच धोक्यापायी.

घाबरून खेळ बंद करायची गरज नाही. एकदा मार बसला म्हणजे विस्मरण होणारच, असं नाही. बहुतेक जण काही आठवड्यांत बरे होतात. वारंवार बसणारा मार आणि न घेतलेली विश्रांती, हे खरं दुखणं.

मंडळांनी एवढं करावं :

• मार बसलेल्याला लगेच बाहेर काढा. राखीव खेळाडू असतात कशाला?
• मान दुखत असेल तर हलवू नका. बेशुद्ध असेल तर तोंडात पाणी घालू नका, कांदा हुंगवत वेळ घालवू नका.
• उलट्या, झटका, वाढती डोकेदुखी, जड जीभ, हातापायातली ताकद जाणं, जागं न होणं, यातलं काहीही दिसलं तर 108 ला फोन करा आणि थेट रुग्णालय गाठा.
• त्या रात्री एकटं सोडू नका. दारू नको, मोटारसायकल नको.
• दोन दिवस आराम, मग हळूहळू हालचाल. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय पकड-चढाई नाही.

चषक पुढच्या वर्षीही मिळेल. त्या पोराला अजून चाळीस वर्षं शेती करायची आहे, घर चालवायचं आहे. ते सगळं याच डोक्यावर.